बाळाचा घास घरच्याच पातेल्यातून



आज तुमच्याशी एका अगदी घरगुती गोष्टीविषयी बोलायचं आहे. वर्ष ते तीन वर्षांचं मूल, म्हणजे जे नुकतंच भिंत सोडून दुडुदुडु चालायला लागलं आहे, आईच्या पदराला धरून स्वयंपाकघरात येतं, काठवटीतल्या पिठात हात घालतं आणि ताट समोर आलं की मात्र तोंड फिरवतं, त्या मुलाच्या जेवणाविषयी हे बोलणं आहे. विषय बायकांचा आहे असं समजून बापई मंडळींनी उठून जाऊ नये. आणि गुरुजींनी व बाईंनीही असं म्हणू नये, की आमच्याकडे तर सहा वर्षांचं मूल येतं, आमचा याच्याशी काय संबंध? तुमच्या वर्गात येणाऱ्या मुलाचं शरीर आणि डोकं कसं घडणार, याचा बराचसा पाया तुमच्या शाळेची पायरी चढण्याआधीच घातला गेलेला असतो.

उदाहरणाला गाव घेऊ लोणी काळभोर. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालं की हडपसरच्या पुढे हे गाव लागतं. एका अंगाला मुळा-मुठा वाहते, खडकवासल्याचा कालवा इथून पुढे जातो, आणि त्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला उभा राहिलेला आहे. थेऊरचा चिंतामणी जवळच. आषाढात तुकाराममहाराजांची पालखी पुणं सोडून निघाली की पुढचा मुक्काम याच परिसरात पडतो. पण आजचं लोणी निव्वळ शेतीचं गाव राहिलेलं नाही. महाविद्यालयं आली, तेल कंपन्यांचे डेपो आले, भाड्याच्या खोल्या उठल्या, कोणी मराठवाड्यातून, कोणी परप्रांतातून येऊन इथे संसार मांडला. मळ्यातल्या घरात ज्वारी-बाजरीची भाकरी थापली जाते, खोलीतल्या घरात पोळी लाटली जाते, आणि कोणाच्या घरी दोन्ही वेळा भातच असतो. पण एक गोष्ट या सगळ्या घरांत सारखी आहे. प्रत्येक घरात रोज कसली तरी डाळ शिजते, कसलं तरी धान्य शिजतं, आणि थोडीबहुत भाजी असते. लहान मुलाला लागतं ते जवळजवळ सगळं त्या पातेल्यांत आहे. मग ते मुलाच्या पोटात का पोचत नाही? आज बोलायचं ते हेच.

प्रश्न किरकोळ नाही, मंडळी. २०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात असं दिसलं, की आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुलं वयाच्या मानाने उंचीने कमी आहेत. आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. हे आकडे फक्त दुष्काळी भागातले किंवा डोंगरातल्या पाड्यांवरचे नाहीत. चार घास मिळणाऱ्या घरांतली मुलंही त्यांत आहेत. तेव्हा अन्न नाही एवढंच याचं कारण धरून चालणार नाही. घरात आहे ते अन्न मुलाला कसं आणि केव्हा मिळतं, हेही पाहायला हवं.

आता पहिली तक्रार घेऊ. “अहो, वर्षाचं होईपर्यंत छान खायचं, आता काही खातच नाही.” ही तक्रार घरोघर ऐकू येते आणि आई बिचारी रडकुंडीला येते. सासूबाई म्हणतात नजर लागली, शेजारीण म्हणते पोटात जंत झाले. कधी जंत असतातही. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. पहिल्या वर्षात मूल झपाट्याने वाढतं. जन्माला तीन किलोचं असलेलं मूल वर्षाला नऊ किलोच्या आसपास जातं, उंची २५ सेंटिमीटरने वाढते. दुसऱ्या वर्षी मात्र वजन दोन-अडीच किलोच वाढतं आणि उंची साधारण १२ सेंटिमीटर. वाढीचा वेग उतरला म्हणजे भूकही थोडी उतरणारच. त्यातून ते आता चालायला शिकलेलं असतं. त्याला कोंबडीमागे धावायचं असतं, ताटापुढे बसायला सवड कुठे? तेव्हा पूर्वीसारखं खात नाही म्हणून लगेच घाबरू नये. मूल खेळतं आहे, हसतं आहे आणि वजन महिन्यामहिन्याला वाढतं आहे, मग त्याची भूक त्याला कळते असं समजावं.

दुसरी गोष्ट पोटाच्या मापाची. दहा किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी फार तर ३०० मिलिलिटर अन्न मावतं, म्हणजे मोठी वाटीभर. आणि दिवसभरात त्याला लागतात सुमारे १,००० कॅलरी. मोठ्या माणसासारखं दोनदा जेवून त्याचं भागायचं नाही. त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एकदा-दोनदा खाऊ, असं थोडंथोडं पण पुन्हापुन्हा द्यावं लागतं. आणि जे द्यायचं ते पातळ पाणी असून चालत नाही. आपल्याकडे अजून एक समजूत आहे, की लहान मुलाला वरणाचं पाणी द्यावं, भाताची पेज द्यावी, म्हणजे पचायला हलकं. अहो, वाटीभर पाण्याने वाटीएवढं पोट भरलं, मग डाळ जाणार कुठे? पाणी नको, डाळ द्या. चमचा तिरका केला तर ओघळून न जाता त्यावर बसेल, इतकं घट्ट जेवण मुलाचं असावं.

मग ही लहानशी जागा भरते कशाने? सकाळी चहा होतो. मूल मागे लागतं. त्याला बशीत थोडा चहा आणि हातावर दोन बिस्किटं मिळतात. दहा वाजता किरकिर केली की कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच रुपयांचा पुडा येतो. बिस्किटात असतं काय? बव्हंशी मैदा, साखर आणि तेल. त्याने भूक मरते. अंगाला मात्र फारसं काही लागत नाही. दुपारी भात कालवला की मूल तोंड मिटतं आणि आपण म्हणतो, हे काही खात नाही. चहाची गोष्ट तर आणखी वाईट. चहातलं तुरट द्रव्य जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. आधीच रक्त कमी, त्यात वर चहा! तेव्हा घरात एक नियम करावा: तीन वर्षांखालच्या मुलाला चहा नाही, आणि बिस्कीट हे जेवण नव्हे. आजोबांना वाईट वाटेल. पण नातवाला द्यायला आजोबांच्या हातात पिकलेलं केळं शोभून दिसतं.

आता वळू पातेल्याकडे. मुलासाठी निराळा स्वयंपाक करायला कोणत्याही आईला वेळ नाही. सकाळी मळ्यात किंवा कामावर जायचं, पाणी भरायचं, मोठ्यांचे डबे करायचे. म्हणून निराळं काही करूच नये. फक्त एक युक्ती अंगवळणी पाडावी: तिखट पडायच्या आधी बाळाचं काढून घ्यावं. तुरीची किंवा मुगाची डाळ हळद-हिंग घालून शिजली, घोटली, की फोडणीत तिखट आणि कांदा-लसूण मसाला पडायच्या आत एक पळीभर घट्ट वरण बाळाच्या वाटीत काढायचं. मग बाकीच्या डाळीची खुशाल झणझणीत आमटी करा. बटाटा, दुधी, भोपळा, फ्लॉवर अशी भाजी शिजली की तिखट घालण्यापूर्वी दोन फोडी बाजूला काढा आणि बोटांनी कुस्करा. मेथी, पालक, चाकवत, राजगिरा, शेवग्याचा पाला यांतलं जे घरात आलं असेल ते मूठभर बारीक चिरून डाळीबरोबरच शिजवलं, की मुलाच्या पोटात पालेभाजी आपोआप जाते. शिजलेला बाळाचा घास वाटीत आला, की त्यावर लहान चमचाभर तूप किंवा घाण्याचं तेल सोडा. एवढ्याशा चमच्यातून ४५ कॅलरी मिळतात आणि वाटीतली जागाही अडत नाही. शेवटी चार थेंब लिंबू पिळा. लिंबातल्या आंबट रसामुळे डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. वरण-भात-तूप-लिंबू हा आपला रोजचा मेळ किती शहाणपणाचा आहे, बघा!

याच्यामागे एक कारण आहे, ते गुरुजींनी वर्गातही सांगावं. आपलं शरीर बांधणारी प्रथिनं म्हणजे जणू विटा, आणि त्या विटा अनेक जातींच्या असतात. धान्यात एका जातीच्या विटा कमी पडतात, डाळीत दुसऱ्या जातीच्या. दोन्ही एकत्र शिजवलं, की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. म्हणून वरण-भात, म्हणून खिचडी, म्हणून पिठलं-भाकरी. पालखीचा यवतचा मुक्काम पिठलं-भाकरीच्या पंगतीसाठी प्रसिद्ध आहे. दिवसभर चालून आलेल्या वारकऱ्याचं बळ ज्यावर टिकतं, त्याच ताटावर घरातलं लेकरूही वाढू शकतं; फक्त त्याच्या पिठल्यात मिरची नको. भाकरीचा मऊ पापुद्रा काढून पातळशा पिठल्यात किंवा वरणात दहा मिनिटं भिजू द्यावा आणि कुस्करून भरवावा. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून त्यात जिरं आणि मीठ घातलं, की दुपारचं उत्तम खाणं झालं. खिचडी करताना तीन वाट्या तांदळाला एक वाटी मुगाची डाळ धरावी. जमलं तर थोडी जास्तच. आणि ज्या घरात चालतं त्यांनी अंडं जरूर द्यावं. या वयाच्या मुलाला दिवसाकाठी सुमारे बारा ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. म्हणजे निम्मं काम एका अंड्यात झालं.

नाचणीच्या सत्त्वाविषयीही दोन शब्द सांगतो. नाचणी आपल्या या सपाटीच्या भागात फारशी पिकत नाही, मुळशी-भोरच्या डोंगराकडून ती बाजारात येते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळात त्याचा तीसावा हिस्साही नसतो. आपल्या आजीबाई नाचणी रात्रभर भिजवीत, फडक्यात बांधून मोड आणीत, वाळवून हलकीशी भाजीत आणि दळून वस्त्रगाळ करून ठेवीत. एवढी यातायात कशासाठी? मोड येताना दाण्यात एक पाचक द्रव्य तयार होतं, आणि ते पिठातला चिकट गर तोडतं. त्यामुळे साध्या पिठाची पेज दोन चमच्यांतच खळीसारखी घट्ट होते, पण मोडाच्या पिठाचे तितक्याच पाण्यात जास्त चमचे घालता येतात आणि तरी ती मुलाला गिळता येते. वाटी तेवढीच, पण तिच्यात माल जास्त! आजीबाईंनी पुस्तक वाचलं नव्हतं. पण त्यांच्या हाताला हे ठाऊक होतं. एकदा अर्धा-एक किलोचं सत्त्व करून डब्यात भरून ठेवलं, की घाईच्या सकाळी दहा मिनिटांत मुलाची न्याहारी होते.

आता दूध. लोणीच्या पुढे उरुळी कांचन लागतं. १९४६ सालच्या मार्चमध्ये महात्मा गांधी तिथे आले आणि निसर्गोपचाराचं काम सुरू झालं. गांधीजी पुढे गेले, पण त्यांच्याबरोबरचे मणिभाई देसाई तिथेच राहिले. आश्रमात त्यांनी गोशाळा उभी केली, गीर गाई पाळल्या, आणि १९६७ साली बायफ ही संस्था काढली. गाईची पैदास सुधारली तर लहान शेतकऱ्याच्या घरात रोजचं दूध आणि रोजचा पैसा येईल, या विचाराने त्यांनी आयुष्य वेचलं. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज या पट्ट्यात दूध आहे. पण दुधाच्या बाबतीत घरोघरी दोन टोकं दिसतात. एका घरात गोठ्यात गाय असूनही सगळं दूध डेअरीला जातं आणि लेकराच्या वाटीत चहापुरतं उरतं. दुसऱ्या घरात, मूल जेवत नाही म्हणून दिवसभर दुधाच्या बाटल्या लावल्या जातात. दोन्हीही बरोबर नाही. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवावं. वरचं दूध दिवसाला चारशे, फार तर पाचशे मिलिलिटर पुरे, आणि तेही वाटीने किंवा पेल्याने, बाटलीने नको. दुधात लोह जवळजवळ नसतं. नुसत्या दुधावर गुटगुटीत दिसणारं मूल आतून पांढरं पडलेलं असू शकतं. दुधाने जेवणाची जागा घेता कामा नये, एवढं ध्यानात ठेवा.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. संक्रांतीनंतर लहान मुलांचं बोरन्हाण होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे यांचा वर्षाव. मोठी गोड चाल आहे, ती जरूर करावी. पण भोवतीच्या मोठ्या पोरांनी खाऊ लुटला, तरी उत्सवमूर्तीच्या हातात बोर किंवा शेंगदाणा येऊ देऊ नका. चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनळीत अख्खा शेंगदाणा, फुटाणा, बोराची आठोळी, द्राक्ष अडकू शकतं आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. शेंगदाणे द्यायचे तर कूट करून, हरभरे शिजवून कुस्करून, द्राक्ष उभं चिरून. मूल पळत असताना, रडत असताना, झोपलेलं असताना भरवू नये. चुकून अडकलंच आणि मुलाला खोकता किंवा रडताही येईना, तर घशात बोट घालून चाचपडू नका. मुलाला मांडीवर पालथं घेऊन डोकं खाली करा आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा मारा. तोवर दुसऱ्याने १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी.

आतापर्यंत काय द्यायचं ते सांगितलं. पण कसं भरवायचं, हेही तितकंच मोलाचं आहे. हल्ली मुलापुढे मोबाइल धरतात आणि ते बघत असताना तोंडात घास लोटतात. मूल यंत्रासारखं गिळतं. आपण काय खाल्लं, पोट भरलं की नाही, त्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा आपली जुनी रीत काय वाईट होती? अंगणात कडेवर घ्यायचं, एका घासाला चिऊचं नाव द्यायचं, एकाला काऊचं, एक घास मामाचा आणि एक चंदामामाचा. त्यात मूल घासाकडे बघतं, आईच्या तोंडाकडे बघतं, नवा शब्द उचलतं, हसतं. जेवण आणि भाषा दोन्ही एका वाटीतून जातात. वीस-पंचवीस मिनिटांत जेवढं खाल्लं तेवढं खाल्लं. मग वाटी उचलावी, रागवू नये, आणि जेवणाच्या पुढच्या वेळेपर्यंत मध्येच पुडा फोडू नये. नवी भाजी पहिल्या दिवशी थुंकली, म्हणजे ती नावडती झाली असं नव्हे. एकच पदार्थ आठ-दहा वेळा थोडाथोडा पुढे आला, की मग मूल तो आपला मानतं. थुंकलेला पहिला घास हा नकार नसतो, ती नुसती ओळख असते.

आणि मुलाला स्वयंपाकघरात येऊ द्या. चुलीपासून, गॅसपासून आणि उकळत्या पातेल्यापासून चार हात दूर बसवा, पण बसवा. कणकेचा एक गोळा त्याच्या हातात द्या. तो लाटेल, मळेल, त्याचा हत्ती करील. मेथी निवडायला बसलात तर एक काडी त्यालाही द्या. भाकरी थापताना होणारा पट्पट् आवाज त्याला ऐकू द्या, तो आपल्या इवल्याशा हातांनी जमिनीवर तसाच आवाज काढील. टोपलीतला कांदा एक, दोन, तीन करून परातीत टाकू द्या. त्याच्या हातची वेडीवाकडी पोळी तव्यावर भाजून त्यालाच वाढा, आणि मग बघा ते कसं खातं! जी वस्तू आपल्या हाताखालून गेली, ती मूल सहसा नाकारत नाही. थोडं पीठ सांडेल, पसारा होईल. पण दिवसभराच्या रामरगाड्यात घरातलं माणूस मनापासून हसतं, ते बहुधा याच पसाऱ्याकडे बघून. संसारातला हा आनंद विकत मिळत नाही. आणि तो फार थोडी वर्षंच आपल्या घरी मुक्कामाला असतो.

शिक्षक बंधुभगिनींना ताराबाई मोडकांचं नाव सांगायला नको. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून त्या महाराष्ट्रात आल्या, आणि १९४५ साली बोर्डीला त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावं, असं ताराबाईंनी ठरवलं. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना आली. पुढे १९५७ साली त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. साधं घर, साधं अंगण, हाताशी असलेल्या वस्तू, यांतूनच लहान मूल शिकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. देशात २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा गावोगाव हाच शब्द पोचला. कणकेचा गोळा आणि मेथीची जुडी ही त्या शिक्षणातली साधनंच आहेत, हे आयांना समजावून सांगायला शिक्षकांइतकं योग्य माणूस दुसरं कोण?

त्या अंगणवाडीशी नातं ठेवा. महिन्याला वजन करून घ्या आणि ताईला तक्त्यावरचा ठिपका दाखवायला सांगा. ठिपका वर चढत असेल तर चिंता नाही, दोन-तीन महिने आडवा चालला तर विचारायला हवं. ताईकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित आहे. मग घरगुती उपायांवर न थांबता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावं. जंताची गोळी, जीवनसत्त्व ‘अ’चा डोस, आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध, हे सगळं सरकारी व्यवस्थेतून मिळतं, ते टाळू नये. जुलाब झाले तर क्षारसंजीवनी द्यावी, डॉक्टरांनी दिलेलं झिंक चौदा दिवस पुरं करावं, आणि मुख्य म्हणजे जेवण बंद करू नये. मूल उठून बसलं, की पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावं. आजारात गेलेलं वजन असंच भरून निघतं. आणि स्वयंपाकाआधी, भरवण्याआधी, शौचानंतर साबणाने हात धुणं, हे तर औषधाच्याही आधीचं औषध आहे.

शेवटी दोन शब्द बापई मंडळींसाठी. आई मळ्यात खुरपायला जाते, कारखान्यात जाते, दुसऱ्याच्या घरी कामाला जाते. तिने सकाळी डाळ-भात बाजूला काढून ठेवला, तरी दुपारी भरवणार कोण? आजी आहे तिथे ठीक. नाही तिथे ज्याची पाळी असेल त्याने भरवावं. बापाच्या ताटातून दोन घास मुलाला गेले, तर बापाचं काही कमी होत नाही. उलट, दिवसभर ज्याचं तोंड दिसत नाही तो बाप मुलाच्या ओळखीचा होतो. आणि गुरुजी, तुमच्या चौथी-पाचवीच्या वर्गातल्या कितीतरी मुली आणि मुलं घरी गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळतात. त्यांना आठवड्यातून एकदा विचारा: “आज धाकट्याने काय खाल्लं?” डाळ, धान्य, भाजी, दूध किंवा अंडं, फळ, यांतलं काय काय पोटात गेलं ते पाटीवर लिहू द्या. महिनाभरात तुम्हाला गावाच्या ताटाचा हिशेब कळेल, आणि मुलांना न सांगता आहारशास्त्राचा धडा समजेल.

तेव्हा, मंडळी, आज रात्री घरी डाळ शिजली, की तिखटाच्या डब्याला हात घालण्यापूर्वी क्षणभर थांबा. एक वाटी पुढे करा, पळीभर घट्ट वरण काढा, त्यावर भात, तूप आणि लिंबू. मग बाकीच्यांसाठी फोडणी खुशाल चरचरू द्या. रामराम.